काटा ठेवा, पण आकडा बोंबलू नका

विमानात चढण्याआधी प्रवाशांचं वजन करणं म्हणजे अपमान, असा सूर असलेला एक लेख वाचला. मला तसं वाटत नाही. एअर न्यूझीलंडने 2023 मध्ये ऑकलंडहून परदेशी जाणाऱ्या दहा हजार प्रवाशांचं वजन करायचं ठरवलं, ते ऐच्छिक होतं. आकडा ना प्रवाशाला दिसत होता, ना काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला. फिनलंडच्या फिनएअरनेही 2024 मध्ये हेलसिंकीला प्रवाशांचं असंच ऐच्छिक वजन केलं. हेतू एवढाच, की विमानाच्या एकूण वजनाच्या हिशेबात दर प्रवाशामागे धरायचं सरासरी वजन आजच्या माणसांशी जुळावं.

ही सरासरी चुकली तर काय होतं? जानेवारी 2003 मध्ये अमेरिकेत शार्लटला एक छोटं 19 आसनी विमान उड्डाण करताच कोसळलं, 21 जण गेले. देखभालीतली चूक होतीच, पण सरासरी धरून काढलेलं वजनही प्रत्यक्षापेक्षा कमी भरलं होतं. मोठ्या विमानात चार किलो इकडेतिकडे खपून जातात, छोट्यात नाही.

केदारनाथच्या हेलिकॉप्टरसाठी तर आपण निमूटपणे काट्यावर उभे राहतोच की! तिथे माझा आकडा रांगेला ऐकू जाईल असा पुकारला गेला. बायको अजून हसते. राग आला तो पुकारण्याचा, काट्याचा नव्हे.

मात्र वजनावर तिकीट लावायला माझा ठाम विरोध. सामोआ एअरने 2013 मध्ये ते केलं होतं. उंच, धिप्पाड माणसाने हाडांचेही पैसे मोजायचे का?