‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्तेसाहेब,

‘भाड्याचा डीव्हीआर परत, स्वतःचा टीव्हो घरात’ या माझ्या फेब्रुवारी २०१४ च्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा ऑफिसात वाचली म्हणून लगेच उत्तर दिलं नाही, ते तुमचं नशीब. ज्यांनी दोन्ही वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: केबल कंपनीचा भाड्याचा डीव्हीआर (कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणारा बॉक्स) परत करून मी टीव्हो कंपनीचा तसाच बॉक्स विकत घेतला, आणि तो भाड्यापेक्षा स्वस्त पडतो असं लिहिलं. तुमचं म्हणणं: माझा हिशेब चुकलाय, स्वतःच्या बॉक्सवर केबल कंपनीचं ऑन डिमांड (हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा मागवून बघायची सोय) चालत नाही, बॉक्स बिघडला तर भुर्दंड मला, आणि उद्या सॅटेलाइट घेतलं तर तो माळ्यावर जाणार. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देतो: ‘हा बचतीचा नाही, मालकीहक्काच्या देशी गंडाचा मामला आहे.’

आधी हिशेब. तिथे तुमचं बरोबर आहे, आणि चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. तेव्हा टीव्हो रोमिओ हा बॉक्स १९९.९९ डॉलर, त्याची एकदाच पैसे भरून घ्यायची लाइफटाइम सेवा ४९९.९९ (लाइफ बॉक्सचं हं, माझं नव्हे), म्हणजे ७०० धरा. डीव्हीआरचं भाडं होतं महिना १९.९५. भागाकार केला, ३५ महिन्यांत पैसे वसूल असं उत्तर आलं, लिहून मोकळा झालो. केबलकार्डाचे (स्वतःच्या बॉक्सवर कंपनीचे चॅनेल दिसावेत म्हणून कंपनी देते ते कार्ड) महिना २ डॉलर द्यावे लागत, ते धरायचे राहिले. धरले की ३९ महिने, आणि बॉक्सवर न्यू जर्सीचा तेव्हाचा ७ टक्के विक्रीकर लावला की ४०. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता ‘देशी गंड’.

सडेतोड बोलणं वेगळं आणि टाकून बोलणं वेगळं. ‘आकडा तपासा’ एवढंच लिहिलं असतंत तर मी आभार मानले असते. पण तुम्हाला आकड्यावरून थेट माझ्या मनात शिरायचं होतं, तेही टोपणनावाआडून. स्पष्ट बोलणाऱ्याला स्वतःचं नाव लिहायला काय होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि मालकीची हौस देशी कशी हो? याच अमेरिकेत लोक घरातल्या फोनचं भाडं बेल कंपनीला भरत होते, दुसऱ्याचं उपकरण त्यांच्या तारेला जोडायची सोय नव्हती. १९६८ मध्ये कार्टरफोन या बाहेरच्या कंपनीच्या उपकरणाबाबतच्या निकालाने एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) ते दार उघडलं. केबलच्या बॉक्सबाबतही तसंच व्हावं म्हणून १९९६ च्या टेलिकॉम कायद्यात ६२९ वं कलम आलं, आणि त्यातूनच हे केबलकार्ड. जुलै २००७ पासून २०१५ पर्यंत तर केबल कंपन्यांना स्वतःच्या नव्या बॉक्समध्येही तेच कार्ड घालावं लागत होतं. ही सगळी मंडळी काय आमच्या साताऱ्याची होती?

साताऱ्याचा विषय निघालाच आहे तर ऐका. लहानपणी आम्ही भाड्याची सायकल घ्यायचो, तासाला पन्नास पैसे. एकदा परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, पेडल वाकवलंस. ते आधीपासूनच वाकडं होतं. मी नऊ वर्षांचा, काय बोलणार? वडील येऊन चार रुपये भरून गेले, वाटेत एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात घरात जुनी ॲटलास आली. तीन आकडी पगारातून. ती सायकल मी बारावीपर्यंत चालवली. याला तुम्ही गंड म्हणा, आमच्याकडे याला शहाणपण म्हणतात.

बरं, ते जुनं झालं म्हणाल. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं अपार्टमेंट सोडलं तेव्हा मी केबल कंपनीचा बॉक्स, रिमोट, वायर सगळं पिशवीत भरून काउंटरवर देऊन आलो. तिथल्या मुलीने ‘यू आर ऑल सेट’ म्हटलं आणि मी निघालो. तीन महिन्यांनी बिल आलं, न परत केलेल्या उपकरणाचे साडेतीनशे डॉलर! पावती? नव्हती. सात फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं पुराण. शेवटी पैसे माफ झाले, पण ते ‘या वेळेपुरते, सौजन्य म्हणून’. म्हणजे चोर मीच, फक्त माफ केलेला. हे तुमच्या ४० महिन्यांत कुठे बसवायचं ते सांगा.

बाकीच्या मुद्द्यांबद्दल फारसं लिहीत नाही. माझ्या बॉक्सवर ऑन डिमांड चालत नाही, खरं आहे. मला लागत नाही. बायकोला लागतं, पण तो आमच्या घरातला प्रश्न आहे. भाड्याच्या बॉक्सला दोन ट्यूनर होते (म्हणजे एका वेळी दोनच चॅनेल पकडायचा), टीव्होला चार आहेत, आणि एचडीचं ७५ तासांचं रेकॉर्डिंग मावतं. बिघडला तर बघू. सॅटेलाइट मी घेणार नाही. ‘केबलच राहणार नाही’ असं तुम्ही कंसात म्हटलंय त्यावर काय बोलायचं? टीव्ही काय लोक फोनवर बघणार आहेत?

केबलकार्ड जोडताना कंपनीला फोनवर होस्ट आयडी आणि डेटा आयडी (कार्ड आणि बॉक्सची जोडी जुळवणारे नंबर) वाचून दाखवण्यात पाऊण तास गेला, हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं. तुमच्या लक्षात आलं नाही, म्हणून मीच सांगतो.

जुना डीव्हीआर या वेळी पावती घेऊनच परत केला. पावतीवर सीरियल नंबर आहे. काउंटरवर ठेवलेल्या बॉक्सचा फोटोही काढून ठेवलाय.