लूप १, डिव्हाइस ०२३

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. आमच्या सोलापुरातलाच एक मोठा दवाखाना. नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये विचारूही नका, कारण हे त्या एका दवाखान्याबद्दल नाहीच. चौथ्या मजल्यावर आई, तिच्या खाटेशेजारी सतरंजीवर मी. रात्री अडीचला हूटर, म्हणजे फायर अलार्मचा भोंगा, बोंबलायला लागला.

धंद्यानं मी इलेक्ट्रिकलवाला. फायर अलार्मची कामं सोळा वर्षं करतोय. त्यामुळं आवाज ऐकल्यावर डोक्यात पहिलं "आग" आलं नाही, "पॅनल कुणी बसवलंय?" हे आलं. सवय, दुसरं काय. जिन्यात डोकावलो, वास घेतला, धूर दिसेना. शेजारच्या काकूंना आईपाशी बसवलं आणि खाली पळालो.

रिसेप्शनच्या मागं पॅनल, म्हणजे अख्ख्या अलार्मची खबर जिथं येते ती भिंतीवरची पेटी. पुढं वॉचमन मामा बॅटरी घेऊन उभे. म्हणाले, "साहेब, हे काय दाखवालंय बघा की जरा."

स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ होती. फायर, लूप १, डिव्हाइस ०२३, एमसीपी.

लूप म्हणजे सगळ्या डब्या जोडणारी तार. एमसीपी म्हणजे मॅन्युअल कॉल पॉइंट, भिंतीवरची ती लाल डबी. म्हणजे कुणीतरी हातानं दाबलीय, एवढं मला कळलं. पण कुठली? पाच मजले, दोन जिने, मागं नवीन इमारत. ०२३ नंबरची डबी कुठं आहे हे त्या इमारतीत एकाही माणसाला माहीत नव्हतं. मामांनी तोवर सायलेन्सचं बटण दाबून आवाज बंद केला होता. ते त्यांना बरोबर माहीत होतं. रोजच्या वापरातलं तेवढंच.

मग आम्ही दोघं मजल्यामागून मजला डब्या बघत सुटलो. दाबलेल्या डबीवर बारीक लाल दिवा पेटतो आणि चावीनं रिसेट करेपर्यंत पेटलेलाच राहतो. तिसऱ्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डाबाहेर सापडली. डबीपाशी अक्कलकोटकडचा एक विशीतला पोरगा भिंतीला चिकटून उभा, चेहरा पांढराफटक. त्याच्या आज्जीची सलाईन संपली होती. सिस्टर दिसेनात, म्हणून त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. डबीवर इंग्रजीत "प्रेस हिअर" लिहिलेलं. तेवढं त्याला वाचता आलं, आणि त्यानं प्रेस केलं. त्याचं काय चुकलं?

खालून निघाल्यापासून डबी सापडेपर्यंत अकरा मिनिटं. घड्याळ मी मुद्दाम बघितलं होतं.

पोराला मामा रागावले, सिस्टर रागावली, सकाळी मॅनेजरही रागावला. मी गप्प बसलो, कारण असंच पॅनल मी स्वतः सोडून आलोय. एकदा नाही, बऱ्याचदा.

कसं होतं ते सांगतो, कारण बाहेरच्याला हे कळत नाही. जुन्या पद्धतीच्या पॅनलला झोन असतात, चार किंवा आठ. एका झोनवर अख्खा मजला, दिवा पेटला की मजला कळतो. दिव्यापुढं नाव लिहायला कागदाची पट्टी असते. ती पट्टी कोरी नसलेली पॅनलं मी बोटावर मोजावीत एवढीच बघितलीत. नवीन पद्धतीत, ज्याला आम्ही ॲड्रेसेबल म्हणतो, धूर ओळखणाऱ्या प्रत्येक डिटेक्टरला आणि प्रत्येक डबीला स्वतःचा नंबर. पॅनलला नेमकी डबी कळते, आणि त्या नंबरापुढं नाव टाकायची सोय असते: "तिसरा मजला, स्त्री वॉर्ड, जिन्याजवळ". लॅपटॉप जोडून अर्ध्या दिवसाचं काम. पण हे काम येतं सगळ्यात शेवटी. तोपर्यंत मालकाला सर्टिफिकेट हवं असतं, रंगारी त्याच भिंतीला ब्रश मारत असतो, आणि आमचं बिल अडकलेलं असतं. "नावं नंतर टाकू." ते नंतर येत नाही. पॅनलला पत्ता माहीत, पण तो पत्ता माणसाच्या भाषेत कुणी लिहिलेलाच नाही.

कागदावर मात्र सगळं चोख. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. यंत्रणा बसवली की लायसन्सवाली एजन्सी फॉर्म ए देते आणि पुढं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी. जानेवारीत आपल्याकडं एकीकडं सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असते आणि दुसरीकडं आमची फॉर्म बीची पळापळ. हूटर वाजतो का? वाजतो. डबी दाबली की पॅनलवर येतं का? येतं. झालं. पॅनलवर आलेलं मामांना वाचता येतं का, हे विचारायला कुठं रकानाच नाही.

गंमत बघा. १८५२ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात फायर अलार्मची विजेची तारयंत्रणा सुरू झाली. चॅनिंग नावाचा डॉक्टर आणि फार्मर नावाचा इंजिनिअर, दोघांनी मिळून केलेली. रस्तोरस्ती पेट्या. मूठ फिरवली की त्या पेटीचा नंबर तारेनं केंद्रात पोचायचा, आणि तिथल्या माणसाला कळायचं की बोलावणं कुठल्या पेटीवरून आलंय. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीची पेटीसुद्धा आपला ठावठिकाणा सांगत होती. सुरुवातीला त्या पेट्यांना कुलूप असायचं आणि चावी शेजारच्या भरवशाच्या माणसाकडं. हे वाचून मला हसू आलं, कारण आपल्याकडं आजही पोरं दाबतात म्हणून डबीवर खोका ठोकून कुलूप लावणारे महाभाग आहेत. चावी मॅनेजरकडं. मॅनेजर रात्री घरी.

आता दवाखाना सोडा, खऱ्या जागेवर येतो. कारखाना.

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली आणि ८ माणसं गेली. त्यात लहान लेकरूही होतं. त्यावर मी इथं जास्त लिहिणार नाही. पण त्यानंतर दोन-तीन महिने मला रोज फोन. "आमच्याकडं पण ते लाल डबे लावून टाका." लावून टाका! जसं दारावर लिंबू-मिरची.

यंत्रमागाच्या शेडमध्ये कधी उभं राहिलात का? सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर मंडळींना सांगायला नको. चाळीस माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. जुने कामगार हातवारे करूनच बोलतात: धागा तुटला, जॉबरला (मागांवरच्या मुकादमाला) बोलाव, चहा आला, सगळं हातानं. अशा ठिकाणी हूटर काय करणार? नियम सांगतो की अलार्मचा आवाज आजूबाजूच्या आवाजापेक्षा निदान ५ डेसिबल जास्त हवा. मागाच्या आवाजावर चढेल असा हूटर लावला तर ऐकणाऱ्याचे कान जातील.

दुसरी अडचण रुईची. टॉवेलच्या कारखान्यात बारीक रुई सतत उडते. ट्यूबलाइटवर थर, पंख्याच्या पात्यावर थर, माणसाच्या भुवयांवर थर. धुराचा डिटेक्टर आत उजेड सोडतो आणि त्या उजेडात कण आले की त्याला धूर समजतो. रुईलाही तो धूरच समजतो. मग आठवड्यातून तीनदा खोटा अलार्म. चौथ्या वेळी मालक स्टुलावर चढून डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधतो. मी स्वतः काढल्यात अशा पिशव्या, एकीवर मिठाईच्या दुकानाचं नाव होतं.

म्हणजे आवाज ऐकू येत नाही आणि डिटेक्टरवर भरवसा नाही. उरतं काय? बघणारा माणूस आणि त्याच्या हाताशी असलेली लाल डबी. म्हणून मी म्हणतो की सोलापुरात या डबीला दुय्यम समजू नका. पण ती नुसती किंचाळून चालणार नाही, तिनं दाखवलं पाहिजे. लखलखणारा दिवा पाहिजे, आणि तिच्यापाशी उभ्या माणसाला कळलं पाहिजे की मी कुठं आहे, दाबल्यावर पुढं काय, आणि बाहेर कुठून पडायचं.

मागच्या वर्षी पुण्यात एका डेमोला गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर जाहिरात वाटेल. लाल डबीच, पण वर हातभर नाही, तळहाताएवढा स्क्रीन. एरवी त्यावर मजला आणि जागेचं नाव. दाबली की "सूचना गेली" असं येतं, मग नकाशा, आपण उभे आहोत तिथं ठिपका, जवळच्या जिन्याकडं बाण. आणि बाकीच्या डब्यांवरही दिसतं की आग कुठं लागली आणि तिकडं जाऊ नका. मला वस्तू आवडली, खोटं कशाला बोलू. फायर ब्रिगेडचा माणूस गेटमधून आत येतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न हाच असतो, कुठं? पहिलीच डबी त्याला उत्तर देत असेल तर दोन मिनिटं वाचतात.

पण माझ्या शंकाही लिहितो. आगीत लाइट जाते, किंवा घालवावी लागते. पॅनलला बॅटरी असते, एक दिवस तग धरून वर अर्धा तास हूटर वाजवेल अशा हिशेबानं काढलेली. प्रत्येक डबीला स्क्रीन लावला तर तो हिशेब नव्यानं करावा लागेल. सेल्समनला मी हे विचारलं तर तो चहा आणायला गेला. शिवाय आपला मे महिना, बाहेर ४३-४४ अंश, आणि पत्र्याच्या शेडमध्ये काय असेल ते तिथं काम करणाऱ्यालाच विचारा. आणि मोठी गोष्ट म्हणजे धूर वर जातो, माणसाला खाली वाकून, रांगत जावं लागतं. छातीच्या उंचीवरचा स्क्रीन तेव्हा दिसणार नाही. तो पहिल्या दोन मिनिटांसाठी. पुढच्या वाटेसाठी अंधारात चमकणारे बाण जमिनीलगतच लागतात, आणि ते स्वस्त असतात.

शेवटची शंका भाषेची. डेमोत सगळं इंग्रजीत. मी विचारलं, मराठी येतं का? "येईल सर, अपडेटमध्ये." तेलुगू? कन्नड? उर्दू? तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला काय माहीत, सोलापुरात एका मागावर आग, शेजारच्यावर तेलुगूतली निप्पु आणि पलीकडच्यावर कन्नडमधली बेंकी असते. एमआयडीसीत आता बिहार-यूपीची पोरंही आहेत, त्यांना हिंदी हवं. एका शेडमध्ये पाच भाषा आणि भिंतीवर सहावी, जी त्यातल्या कुणाचीच नाही.

काही मालक म्हणतात, वाचणार कोण, आग लागल्यावर लोक पळतात. बरोबर, आगीत कुणी वाचत बसत नाही. म्हणूनच ते आधी वाचून झालेलं असावं लागतं. रोज चहाला जाताना त्याच डबीसमोरून माणूस जातो. इंग्लंडकडं दर आठवड्याला एक डबी चावीनं दाबून बघतात, दर वेळी वेगळी. त्यात मशीनची तपासणी होते आणि माणसांचीही. आपल्याकडं दर आठवडा जमणार नाही हे मला कळतं. महिन्यातून एकदा, शिफ्ट बदलताना, माग बंद असतात तेव्हा? दहा मिनिटं लागतील.

स्क्रीनवाली डबी परवडेल तेव्हा परवडेल. तोवर मी माझ्या परीनं दोन गोष्टी सुरू केल्यात. पहिलं म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांच्या पॅनलमध्ये नावं टाकतोय, फुकट, कारण ते माझंच राहिलेलं काम आहे. बहुतेक पॅनलांना मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी टाकतो आणि पॅनलशेजारी नंबरवार मराठी यादी फ्रेम करून लावतो. दुसरं म्हणजे डबीच्या वर लॅमिनेशन केलेली पाटी. मोठ्या अक्षरांत आग, निप्पु, बेंकी ज्याच्या त्याच्या लिपीत, खाली जागेचं नाव, जिन्याकडं बाण, लिफ्टवर फुली, आणि १०१. दवाखान्यांसाठी आणखी एक ओळ: "सिस्टरला बोलावायची बेल ही नाही."

पहिली पाटी एका ओळखीच्या टॉवेल कारखान्यात लावली. तेलुगू मजकूर तिथल्याच जॉबर अण्णांकडून लिहून घेतला होता. लावून झाल्यावर मी कौतुकानं लांब उभं राहून फोटो काढत होतो. अण्णा आले, पाटी वाचली, मान डोलावली. मग शेडकडं बघितलं, परत पाटीकडं बघितलं.

"अक्षरं बरोबर हायत की ओ. पण बाण गोडाऊनकडं चाललाय."

पाटी डाव्या भिंतीसाठी छापली होती. मी लावली उजव्या भिंतीवर.