थर न बसणारी लस्सी म्हणजे भेसळ नव्हे

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. पाकिटातल्या ताक-लस्सीत डिंक घालून पाणी खपवतात. घरच्या ताकाला थर बसत नाही. आयोडीनचा थेंब टाकला की खरंखोटं कळतं. तिन्ही विधानं चुकीची आहेत.

घरच्या ताकाला थर बसतोच. घुसळून काही तास ठेवलं की वर निवळ येते. सामू (आंबटपणाचं माप, pH) ४.६ च्या आसपास आला की दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवरचा विद्युतभार संपतो, ते एकमेकांना चिकटतात आणि तळाशी जातात. दही लागतं तेही याचमुळे. घरी आपण ढवळून पितो, एवढाच फरक.

पाकिटातल्या लस्सीत थर बसू नये म्हणून पेक्टिन घालतात. पाणी खपवण्याचा आरोप त्यावर तर अजिबात टिकत नाही. लेबलवर आयएनएस ४४० असा खाद्य-पूरकाचा क्रमांक दिसतो तो याचाच, लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून किंवा सफरचंदाच्या चोथ्यातून काढलेलं. सामू ४ च्या जवळ केसीनवर धन भार असतो, पेक्टिनवर ऋण. त्यामुळे ते कणांवर बसतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. त्यासाठी लिटरला साधारण ३ ते ५ ग्रॅम पुरतं. तेवढ्याने पेय फारसं दाटही होत नाही. कमी पडलं तर मात्र एकच रेणू अनेक कणांना बांधतो आणि रवाळ गाळ आणखी लवकर बसतो.

गवारीचा डिंक (आयएनएस ४१२) वेगळा. त्याला भार नाही, तो केसीनवर बसत नाही, नुसतं पाणी दाट करतो. प्रमाण वाढलं की केसीन एकीकडे गोळा होतं आणि पाणी वेगळं पडतं. थर थांबवायला घरी चिमूटभर गवार डिंक घालणाऱ्यांची लस्सी म्हणूनच बुळबुळीत होते आणि तरीही फुटते.

आयोडीनने निळा होतो तो फक्त स्टार्च. पेक्टिन किंवा गवार डिंक असेल तर रंग बदलणारच नाही.

आक्षेप घ्यायचाच तर चवीवर घ्यावा. दाट पेयात साखर, मीठ, आंबटपणा जिभेपर्यंत सावकाश पोचतात आणि वासही कमी सुटतो. मग फिकेपणा भरून काढायला साखर वाढवावी लागते. लेबलवर ४४० शोधण्यापेक्षा साखरेचा आकडा बघा.

‘घरी असलं काही घालत नाहीत’ हेही खरं नाही. ताक तापवताना फुटू नये म्हणूनच कढीला बेसन लावतात.

काहीही न घालता दाट लस्सी हवी असेल तर दूध ९० अंशांवर १० मिनिटं ढवळत ठेवा. व्हे प्रथिनं (दुधाच्या निवळीतली प्रथिनं) केसीनला चिकटतात आणि दही घट्ट लागतं. ४२ अंशांना विरजण लावा. लागलेलं दही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मगच रवीने घुसळा. कोमट दही मिक्सरमध्ये फिरवलं तर त्याची जाळी तुटते आणि पाणी लवकर सुटतं.