जुने कर्नल उडवायला सांगणारा तो मेसेज

चुलतभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन. "ताई, टचपॅड गेला. ग्रुपवर आलेलं सगळं केलं, तरी गेलाच. उद्या सबमिशन आहे." म्हटलं, आधी तो मेसेज पाठव.

"लिनक्सचा कर्नल बदलल्यावर टचपॅड बंद? १०० टक्के खात्रीचे उपाय!" (कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हार्डवेअरशी बोलणारा.) निदान एक, उपाय चार. निदान असं की नवा कर्नल टचपॅडची चिप जाळतो. उपाय: जुने कर्नल नव्याशी भांडतात, सगळे काढून टाका, इनपुटच्या (कीबोर्ड, माऊस वगैरेंच्या) फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी, परवानगी द्या, सिनॅप्टिक्स या टचपॅडच्या कंपनीच्या नावाचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) टाका, आणि ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्राममध्ये, माऊसची एक ओळ कायमची घाला. शेवटी अर्थातच "सर्वांना पाठवा".

चिप जळण्याचं आधी उरकते. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवरून, लॅपटॉप सुरू करून बघा. तिथे बोट फिरवल्यावर बाण हलला तर काही जळलेलं नाही, विषय संपला. आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करावी लागते. कर्नलमुळे मशीनला इजा होतच नाही असं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या १७.१० आवृत्तीचं डाउनलोड थांबवावं लागलं होतं, कारण त्यातल्या इंटेल-एसपीआय ड्रायव्हरमुळे काही लेनोवो लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) बिघाड होत होता. पण ती बायोसची गोष्ट होती. तिच्यावरून टचपॅड जळतो म्हणणं म्हणजे गावात एकदा चोरी झाली म्हणून हरवलेल्या प्रत्येक चपलेचा आळ चोरावर घेणं.

खरा संताप दुसऱ्या मुद्द्याचा. जुने कर्नल नव्याशी भांडतात म्हणे! भांडायला दोघं एका वेळी जागे तरी हवेत. मशीन सुरू होताना एकच कर्नल चढतो, बाकीचे डिस्कवर पडून असतात. प्रत्येकाचे ड्रायव्हर त्याच्या आवृत्तीच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. जुना कर्नल मागे राहतो तो कुणाच्या आळशीपणामुळे नाही. फेडोरा हे दुसरं लिनक्स मुद्दाम तीन कर्नल ठेवतं, उबुंटूची आपोआप साफसफाईही आधीचा एक राखून ठेवते. ते कशासाठी? नेमकी अशी रात्र आली तर.

टचपॅड बंद पडल्यावर पहिलं काम एकच: मशीन पुन्हा सुरू करायचं, ग्रबच्या मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स"मध्ये जायचं आणि मागचा कर्नल निवडायचा. पाच मिनिटं लागतात, रुपयाही नाही. मशीन तेच, सेटिंग तीच, फरक फक्त कर्नलचा. टचपॅड चालला तर हार्डवेअर सुटलं आणि दोष कुठे शोधायचा ते कळलं. शिवाय दुसऱ्या दिवशीचं सबमिशनही होतं. हा बिनखर्चाचा पुरावा मेसेजवाला आधीच पुसायला सांगतो.

माझ्या शब्दावर विश्वास नको. कर्नलच्या सोर्ससोबतच येणारं, रिग्रेशन कसं कळवावं हे सांगणारं दस्तऐवज वाचा. आधी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बंद पडू द्यायची नाही, हा कर्नल विकासाचा पहिला नियम असल्याचं त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे तुमचा टचपॅड खरंच कर्नलमुळे गेला असेल तर ती चूक त्यांच्या लेखी गंभीर आहे, त्यांना ती हवी आहे. पण कोणत्या आवृत्तीत चालत होतं आणि कोणत्या आवृत्तीत बंद पडलं, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. जुना कर्नल उडवून बसलात तर काय सांगणार?

हां, कर्नल ठेवायचा डिस्कचा वेगळा भाग, म्हणजे बूटचं पार्टिशन, छोटं असेल तर ते भरतं आणि नवा कर्नल अर्धवट बसतो, हे खरं. तेव्हा जुने काढावेत. पण चालणारा एक ठेवून!

७७७ बद्दल काय बोलायचं? कर्नलला टचपॅड दिसलाच नसेल तर त्याची फाइल त्या फोल्डरमध्ये नसतेच, परवानगी देणार कुणाला? उलट कीबोर्डची फाइल तिथेच असते. ती सगळ्यांना उघडी केली की मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम तुमचा पासवर्ड टाइप होताना वाचू शकतो. रीबूट केल्यावर त्या फाइली नव्याने तयार होतात म्हणून ही परवानगी टिकत नाही, एवढंच नशीब.

सिनॅप्टिक्सचा तो ड्रायव्हर एक्स या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेचा आहे, तिच्या जागी आलेल्या वेलँडवर त्याला कुणी विचारत नाही. आणि तो कर्नलच्या वर बसतो, खालून काही आलंच नाही तर तो काय देणार.

ग्रबच्या ओळीत अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल. पीएस/२ या जुन्या जोडणीवर चालणाऱ्या टचपॅडला ती ओळ साधा माऊस बनवते. बाण हलतो, पण दोन बोटांचं स्क्रोलिंग जातं. तात्पुरती सोय म्हणून ठीक, कायमची कशाला? हल्लीचे बरेच टचपॅड आयटूसी या वेगळ्या जोडणीवर असतात, त्यांचा त्या ओळीशी संबंधच नाही. काही सिनॅप्टिक्स टचपॅडांच्या बाबतीत तर कोणता पर्याय वापरून बघायचा ते कर्नल स्वतःच लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, लिहून ठेवतो. तो लॉग वाचा असं मेसेजमध्ये एका शब्दाने नाही.

भावाचं काय निघालं? नवा कर्नल त्याने हाताने, एकेक पॅकेज उचलून टाकला होता. उबुंटूच्या पद्धतीत लॅपटॉपचे पुष्कळ ड्रायव्हर "मॉड्यूल्स-एक्स्ट्रा" नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतात, आणि तेच राहिलं होतं. फोनवर एकेक अक्षर सांगत ते टाकायला लावलं, रीबूट, टचपॅड चालू. रात्रीचा सव्वा वाजला होता. जुना कर्नल शाबूत असता तर पावणेबारालाच झोपलो असतो.

दुसऱ्या दिवशी मागचा कर्नलही परत टाकून घेतला. शेजारच्या खोलीतून आणलेला माऊस मात्र त्याने अजून परत केलेला नाही.