मामांच्या पेटीतला पॉझिट्रॉन

गेल्या सोमवारी सकाळी पावणेदहाला माझे मामा मिरजेतल्या एका दवाखान्याच्या पायरीवरून मागं फिरले. रात्रीपासून उपाशी होते, साखर तपासून झाली होती, पेट स्कॅनची वेळ दहाची. तासगावहून गाडी करून आलेले. तेवढ्यात फोन वाजला, आमच्याच घरच्या ग्रुपवर एक मेसेज पडला होता. तो त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि मामीला म्हणाले, "मला न्हाय टोचून घ्यायचं असलं काही." मामीनं रडत मला फोन केला तेव्हा मी बारावीच्या वर्गावर होते.

तो मेसेज बऱ्याच जणांकडं आला असेल. मला त्या दिवसात चार ठिकाणांहून आला, एक तर आमच्याच स्टाफरूममधून. त्यातल्या उद्गारचिन्हांना कात्री लावून मजकूर असा: जपानमध्ये शास्त्रज्ञांनी पॉझिट्रॉन नावाचा विध्वंसक कण इलेक्ट्रॉनवर आदळवून पदार्थाचा क्षय घडवला. त्यात ऊर्जा गायब झाली, म्हणजे न्यूटन-आइन्स्टाईन खोटे ठरले. विश्वातलं पाचवं बल सिद्ध झालं. निकाल शास्त्रज्ञांनी बंद पेटीत दडवून ठेवला. भारताला पत्ताही नाही. आणि हेच पॉझिट्रॉन आपल्याकडं स्कॅनच्या नावाखाली रक्तात सोडतात, त्यानं शरीराचा क्षय सुरू होतो. कणाद ऋषींनी हे सगळं आधीच सांगितलं होतं.

शेवटून सुरुवात करते, कारण नुकसान तिथं झालं.

पेट स्कॅनमध्ये पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचाच धन भार असलेला जुळा, असतो हे खरं आहे. कुणी लपवलेलं नाही, 'पेट'मधला 'पी' म्हणजेच पॉझिट्रॉन. ग्लुकोजसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून तो शिरेतून देतात. जिथं पेशी जास्त साखर खातात, कॅन्सरच्या गाठीत बहुधा तसंच होतं, तिथं तो साठतो. फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन निघतो, जेमतेम मिलिमीटरभर जातो, तिथं त्याला एखादा इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघं नाहीसे होतात. त्यांच्या जागी प्रकाशाचे दोन कण विरुद्ध दिशांना सुटतात. ते दोन्ही एकाच क्षणी पकडले की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठंतरी हे घडलं एवढं कळतं. अशा लाखो रेषा जमल्या की चित्र. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. मामांसाठी सकाळी दहाचा हिशेब करून ठेवलेला डोस त्यांनी घेतला नाही, तरी तो शिशाच्या डब्यात बसून रात्री आठपर्यंत चाळिसाव्या हिश्श्यावर आला असेल. कुणाला काही न करता.

किरणोत्सार आहे का? आहे. म्हणून तर नंतर काही तास तान्ह्या मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहा म्हणून सांगतात, आणि गंमत म्हणून हा स्कॅन कुणी करत नाही. मेसेजला एवढं अर्धं सत्य द्यावं लागेल. पण डॉक्टरला गाठ कुठंवर पसरलीय ते बघायचं असताना, त्या अर्ध्या सत्यापायी माणूस पायरीवरून परत जातो, तेव्हा मेसेज पुढं ढकलणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. हे मी शिक्षिका असून लिहितेय.

आणि पॉझिट्रॉनचा एवढाच बाऊ असेल तर मामांनी स्वतःच्या बेदाण्याच्या शेडकडं बघावं. बेदाण्यात पोटॅशियम भरपूर, शंभर ग्रॅमला पाऊण ग्रॅमच्या आसपास. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० चा अगदी थोडा अंश असतो आणि तो किरणोत्सारी आहे. त्याचे बहुतेक अणू इलेक्ट्रॉन सोडतात, पण लाखात एखादा पॉझिट्रॉन सोडतो. वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: १५ किलोच्या एका पेटीतून दर अर्ध्या मिनिटाला साधारण एक पॉझिट्रॉन. मामांच्या स्वतःच्या अंगातही पोटॅशियम आहेच, तिथून दिवसाला काही हजार. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत काही बिघडलं नाही, जे बिघडलं ते तंबाखूनं.

आता 'क्षय'. मला वाटतं सगळी गोची या शब्दानं केलीय. आमच्या पाठ्यपुस्तकात 'डीके'ला क्षय म्हणतात. मामीच्या पिढीला क्षय म्हटलं की वानलेसवाडीचं जुनं सॅनेटोरियम आठवतं, खोकला आठवतो, वेगळी ठेवलेली ताटवाटी आठवते. कणाचा क्षय म्हणजे कुजणं नव्हे आणि लागण तर नव्हेच. जड कण स्वतःहून हलक्या कणांत बदलतो, एवढंच. त्याला कुणी ढकलत नाही. जपानमधल्या यंत्रात बी मेसॉन नावाचा कण तयार होतो आणि सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या दीडपट काळात आपला आपण मोडतो. शास्त्रज्ञ फक्त बघतात, कशात मोडला.

ते यंत्र त्सुकुबाला आहे. सुपर-केईकेबी, तीन किलोमीटर घेराचं वर्तुळ. एका बाजूनं ७ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे कणांच्या ऊर्जेचं माप) इलेक्ट्रॉन, समोरून ४ अब्जचे पॉझिट्रॉन, आणि टक्कर होते तिथं बेल-टू हा डिटेक्टर, म्हणजे निघालेले कण टिपणारं यंत्र. रिंगमध्ये दीड अँपिअरचा प्रवाह धरला तर एका वेळी फिरणारे पॉझिट्रॉन होतात सुमारे ९० लाख कोटी. आकडा ऐकून घाम फुटतो, पण त्या सगळ्यांची मिळून ऊर्जा भरते साधारण ६० किलोज्यूल. एक मोठा कप चहाचं पाणी उकळेल. 'विध्वंसक'ला यापुढं काही बोलत नाही.

'ऊर्जा गायब झाली' हा मुद्दा मात्र मला आवडला, कारण मेसेज लिहिणाऱ्याच्या हाताला चुकून खरी गोष्ट लागलीय आणि त्यानं ती उलटी धरलीय.

बेल-टूचा पेपर २०२४ साली 'फिजिकल रिव्ह्यू डी'मध्ये आला. निकाल त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्येच जाहीर झाला होता. मी तो पेपर उघडून बसले. सगळा कळला असं म्हणणार नाही, सांख्यिकीच्या काही पानांवर माझी दांडी उडाली. पण गाभा साधा आहे. विद्युतभारित बी मेसॉन मोडून एक केऑन (बीपेक्षा हलका मेसॉन) आणि दोन न्यूट्रिनो होतात, असा एक क्षय प्रचलित सिद्धांत सांगतो. दहा लाखांत साडेपाच वेळा. न्यूट्रिनो कुठल्याच डिटेक्टरला दिसत नाहीत, पृथ्वीतून आरपार जातात. मग दिसतं काय? एक केऑन, आणि बाकी काही नाही.

मामांना हे मी असं सांगितलं. शेडमधून माल निघताना तुम्ही वजन लिहून घेता. अडत्याची पट्टी आली की ताडून बघता. तूट निघाली तर वाटेत काहीतरी उतरलंय हे तुम्हाला कळतं, उतरताना कुणी बघितलं नसलं तरी. पण निघतानाचं वजनच लिहिलं नसेल तर भांडणार कशाच्या जोरावर? जिनिव्हाच्या यंत्रात प्रोटॉन आदळतात, आणि प्रोटॉन म्हणजे भरलेलं पोतं. त्यातला नेमका कुठला दाणा कशावर आपटला ते कळत नाही, निघतानाचं वजन नक्की नाही. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनला आत काही नाही. दोघं मिळून टकरीत कामी येणारी १०.५८ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट (७ आणि ४ ची नुसती बेरीज नव्हे) अशी ऊर्जा नेमून देतात, की त्यात दोन बी मेसॉन बसतात आणि वर तिसऱ्या कणापुरती मोडसुद्धा उरत नाही. एका बीचे तुकडे सगळे सापडले, दुसऱ्याचा फक्त केऑन सापडला, तर उरलेली तूट न्यूट्रिनोंच्या नावावर. म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पक्का धरला म्हणूनच हे मोजता येतं. नियम मोडला असता तर पेपरच लिहिता आला नसता.

आणि अशी तूट बघून नियमावर शंका घेणारे आधीही झाले. बीटा क्षयात ऊर्जा कमी भरत होती तेव्हा नील्स बोरसारख्या माणसानंही नियमच सोडून द्यायचा विचार केला होता. १९३० साली पाउलीनं उलट सांगितलं, न दिसणारा कण असेल. तो कण, न्यूट्रिनो, १९५६ साली सापडला.

अर्थात तूट न्यूट्रिनोचीच असते असंही नाही. लांब जगणारा उदासीन केऑन कधीकधी डिटेक्टरमधून काही मागमूस न ठेवता निघून जातो आणि तशीच तूट दाखवतो. त्या पेपरची निम्मी मेहनत असल्या भामट्यांना ओळखण्यात गेलीय. पद्धत चालते का हे बघायला त्यांनी एक युक्ती केली. ओळखीचा क्षय घेतला, ज्यात केऑनबरोबर दोन म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊ, निघतात. ते म्यूऑन नोंदीतून मुद्दाम पुसले आणि मग गणित ती तूट बरोबर पकडतं का ते पाहिलं. पुढं ज्याचं प्रमाण आधीच माहीत आहे असा दुसरा एक दुर्मिळ क्षय त्याच पद्धतीनं मोजला. उत्तर जुन्या मापाशी जुळलं.

३८ कोटी ७० लाख बी-जोड्या तपासून निघालेला आकडा: दहा लाखांत २३. मामांच्या भाषेत, सिद्धांत म्हणत होता सहा पेट्या बेदाणा निवडला तर त्यात तसला एक दाणा मिळेल. यांना दीड पेटीतच मिळाला.

म्हणजे माहीत असलेल्या चार बलांपलीकडचं पाचवं बल सिद्ध? नाही. अपेक्षेपेक्षा जास्त आलंय हे मान्य करायलाच हवं, आणि मेसेजमधलं दुसरं अर्धं सत्य हेच. पण सिद्धांतापासूनचा फरक २.७ सिग्मा आहे (सिग्मा म्हणजे फरक किती पक्का ते मोजायचं माप). निव्वळ योगायोगानंही तीनशेत एखाद्या वेळी असं दिसतं. शोध म्हणायला ५ लागतात. शिवाय आकडा दोन पद्धतींनी काढलाय. एकीनं तो चांगलाच वर दाखवला, तर दुसरीनं, जिच्यात दुसरा बी पूर्ण जुळवतात पण हजारात चारच घटना हाती राहतात, सिद्धांताच्या जवळपास. दुसरीची अनिश्चितता इतकी मोठी आहे की दोन्ही एकत्र नांदू शकतात.

घाई केली की काय होतं ते जिनिव्हाच्या त्याच यंत्रावरच्या एलएचसीबी या गटानं बघितलंय. २०२१ मध्ये त्यांना बी मेसॉनच्याच एका दुर्मिळ क्षयात इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन यांच्यात भेदभाव दिसला, ३.१ सिग्मा. जगभर मथळे झाले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटानं स्वतः सांगितलं की इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेले काही कण इलेक्ट्रॉन नव्हतेच, भेदभाव वगैरे काही उरला नाही. ती दुरुस्ती माझ्या एकाही ग्रुपवर आली नाही.

बंद पेटीचं म्हणाल तर पेटी बंदच होती, आणि तसंच हवं. निकाल जिथं यायचा तो भाग झाकून ठेवतात, गाळण्या-चाळण्या आधी ठरवतात, त्यात बदल करायचा नाही असं झालं की मगच उघडतात. नाहीतर माणूस हवं ते उत्तर येईपर्यंत चाळत बसतो. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नंबर झाकलेला असतो तो कुणाचे गुण दडवायला नव्हे. तपासणारीचा हात सरळ राहावा म्हणून.

भारताला पत्ता नाही? बेल-टूच्या अगदी मध्याजवळ सिलिकॉनचे थर आहेत, कण नेमका कुठं मोडला ते टिपणारे. त्यातला चौथा थर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटानं तयार केलाय. मद्रास, गुवाहाटी, हैदराबाद, भुवनेश्वर इथल्या आयआयटीही आहेत.

कणादांबद्दल मला आदर आहे. त्यांनी बी मेसॉन मोजला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी तासगावला गेले. मामा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, आत बायका निवडणीला. पेटीतून अर्ध्या मिनिटाला एक पॉझिट्रॉन हे मी सांगितल्यावर त्यांनी खाली ठेवलेल्या पेटीकडं एकदा बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, आणि खरोखर अर्धा मिनिट गप्प बसले.

"निघाला म्हणायचा?"

"निघाला असेल."

"दिसला न्हाय."

"दिसत नाहीच, मामा. यंत्र लागतं."

मग म्हणाले, "ते सहा पेट्यांतला दाणा हुडकायला माणसं किती हाईत त्यांची?" हजाराच्या वर आहेत म्हटलं. त्यावर त्यांनी मजुरीचा काहीतरी हिशेब मनात केला आणि मान हलवली. मामी आतून चहा घेऊन आली तर तिला म्हणाले, "दवाखान्यात फोन लाव. सौदा नसंल त्या दिवसाची तारीख घे म्हणावं."