डाव्या कानाचं सौभद्र

संगीत नाटकात कुणालाही घाई नसते. ‘सौभद्र’च घ्या. दुर्योधनाशी सुभद्रेचं लग्न ठरवून बलराम मोकळा झालेला असतो, अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत येऊन बसलेला असतो, मुलगी हातची चाललेली असते. अशा वेळी कुणीही शहाणा माणूस निदान दोन पावलं भरभर टाकेल. ही मंडळी ऑर्गनकडे बघतात. ऑर्गनवाला सूर भरतो, तबलजी हातोडी खाली ठेवतो, आणि लग्न, दुर्योधन, यादवकुळाची अब्रू, सगळं पद संपेपर्यंत विंगेत खोळंबून राहतं.

याचं श्रेय अण्णासाहेब किर्लोस्करांना. त्यांच्या आधी पदं म्हणायचं काम मुख्यतः सूत्रधार उरकायचा. पात्रं आपापली गदा-तलवार सांभाळून असायची. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले आणि पात्रं स्वतःच गायला लागली. १८८२ साली ‘सौभद्र’ आलं, त्यात शंभरावर पदं. तेव्हापासून या रंगभूमीवर कुणाचंही काम वेळेत झालेलं नाही, आणि मला ते भयंकर आवडतं. दिवसभर ‘लगेच’ हा एकच शब्द ऐकून विटलेल्या माणसाला ‘सखे’ या दोन अक्षरांवर मिनिटभर रेंगाळणारा गडी भेटला, की तिकिटाचे पैसे तिथंच वसूल होतात.

अडचण रंगमंचावर नसतेच. ती शेजारच्या खुर्चीत असते.

माझ्या शेजारी प्रत्येक वेळी एक काका येतात. माणूस वेगळा असतो, काका तेच. शुभ्र झब्बा, खिशात अडुळशाच्या गोळ्या, आणि संपूर्ण नाटक तोंडपाठ. पडद्यामागून धुपाचा वास येतो, तिसरी घंटा होते, नांदी सुरू होते आणि काका डोळे मिटतात. नाटक बघायला आलेला माणूस डोळे का मिटतो, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर ते डोळे उघडून सांगायला लागतील.

खरा प्रश्न कात्रीचा आहे. बालगंधर्वांच्या काळी रात्री वर गेलेला पडदा पहाटे पडायचा. आता दुपारचा प्रयोग उतरवायचा असतो, कारण रात्रीच्या प्रयोगाचं सामान घेऊन टेम्पो दारात उभा असतो. साहजिकच शंभरातली मोजकी पदं उरतात. ही काटछाट नाट्यसंस्थेला मान्य आहे, प्रेक्षकांना मान्य आहे, खुद्द कृष्णाचं काम करणाऱ्याला तर फारच मान्य आहे. काकांना नाही.

“इथं एक पद होतं,” ते माझ्याकडे झुकून सांगतात. मी मान डोलावतो. ही मान डोलावणी म्हणजे फर्माईश समजली जाते. काका ते पद म्हणतात. हळू आवाजात, पण दोन्ही कडव्यांसकट. तिकडे कृष्ण बोलतोय, इकडे कृष्णानं गाळलेलं गाणं चाललंय. उजव्या कानाला संपादित प्रयोग, डाव्या कानाला मूळ संहिता. शिवाय दोन खुर्च्यांना मिळून हात टेकायला दांडी एकच, तिच्यावर काकांचा त्रिताल. टाळीला माझं कोपर मध्ये येतं. खालीला, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेला, ते माझं कोपर सोडून देतात, एवढी त्यांची तालाची समज पक्की.

बाकीचे हाल किरकोळ. मागच्या रांगेत कुणीतरी वेफर्सची पिशवी हळूहळू उघडतं. (आवाज कमी व्हावा म्हणून हळू उघडायची, त्यामुळे तो संपूर्ण आलापीभर पुरतो.) एका आजींच्या पर्समध्ये फोन वाजतो. वाजतं नाट्यगीतच, पण फोनची पट्टी काळी चार आणि समोर अर्जुन काळी एकमध्ये. मला त्या अर्जुनाचं मनापासून कौतुक वाटलं. पाशुपतास्त्र मिळवणं त्यामानानं सोपं असावं.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत काका १९२१ सालात शिरतात. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेलं संयुक्त ‘मानापमान’, बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. “काय ते वन्समोअर! काय ती ईर्षा!” काका असं सांगतात, की त्या तिकिटाचं अर्धुक अजून झब्ब्याच्या खिशात असावं. वयाचा हिशेब मांडला तर त्या रात्री काकांचे वडील फार तर पाढे पाठ करत होते. पण मी हिशेब मांडत नाही. वडा गार होतो.

आणि मग दुसऱ्या अर्ध्या भागात ते झालं.

अर्जुन झालेला मुलगा पंचविशीचा असेल. मिशी चिकटवलेली, संवादात जरा अवघडलेला. पद संपलं तेव्हा सवयीनं टाळ्या पडल्या, कुठूनसा ‘वन्समोअर’ आला. त्यानं विंगेकडे पाहिलं, ऑर्गनकडे पाहिलं, आणि पुन्हा उचललं. पण मघाचं नाही. अंतऱ्याला तो भलतीकडूनच वर गेला, वरच्या षड्जाच्या अलीकडे घुटमळला; आवाज आता फाटणार अशी माझी खात्री झाली. तबलजीनं मान वर केली. ऑर्गनवाल्याची बोटं थबकली आणि मग त्या पोराच्या मागून निघाली. घरी ध्वनिमुद्रिका ऐकताना ही धास्ती नसते. तिथं गायक पडणार नाही हे शंभर वेळा ऐकून ठाऊक असतं. इथं अख्खं नाट्यगृह श्वास धरून होतं. वेफर्ससुद्धा थांबले. तो फिरत, वळत, लडखडत का होईना, नेमका समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरला, आणि पाचशे माणसांच्या तोंडून एकाच वेळी जो आवाज निघाला, तो काढायला कुणी कुणाला शिकवलेला नसतो.

काकांचा त्रिताल बंद पडला होता. डोळे उघडे होते.

“हे नव्हतं,” ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, “पण छान होतं.” आणि थेट माझ्या डाव्या कानात ओरडले, “वन्समोअर!”

विंगेतून व्यवस्थापकाचा हात बाहेर आला. त्यावरचं घड्याळ पहिल्या पाच रांगांना स्वच्छ दिसलं. सुभद्रेचं उरलेलं लग्न मग भराभर लागलं.

शेवटी भैरवी. भैरवीचा सूर लागला की नाट्यगृहातले सगळे पाय अंधारात आपापल्या चपला शोधू लागतात. माझीही एक सापडली, दुसरी लागेना. बरंच चाचपल्यावर ती डावीकडे हाताशी, म्हणजे पायाशी आली. अंगठा सरकवला. काकांनी डोळे न उघडता माझा पाय बाजूला सारला आणि आपली चप्पल ओढून घेतली. बरोब्बर समेवर.