चिंधी चार बाय दोन

"याला पक्कड कोणी लावली?" असं नागपूरच्या सदरमधल्या त्या बंदूकवाल्या मेकॅनिकनं चष्म्यावरून बघत विचारलं, आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत शेजारचे काका म्हणाले, "यानंच. मी नाही म्हणत होतो." दोन दिवस झाले, अजून जात नाही डोक्यातून.

रायफल आजोबांची, पॉइंट टू टू सेमी ऑटो. काटोलकडे संत्र्याच्या बागेत रानडुकरांसाठी ठेवलेली, म्हणजे नुसता आवाज करायला, कारण पॉइंट टू टूनं रानडुकराला फक्त राग येतो. आता लायसन्स माझ्या नावावर आहे, म्हणजे निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची जबाबदारीही माझीच. २०२४ मध्ये तर दोनदा, आधी लोकसभेला, मग विधानसभेला. उमेदवार मोकळे फिरतात आणि माझ्या आजोबांची रायफल आत, असो. परत आली की गंजू नये म्हणून मी शिलाई मशीनचं तेल पाजून ठेवतो. रविवारी रेंजवर दर तिसऱ्या गोळीला अडकायला लागली, तर बाजूच्या लेनमधली नववीतली पोरगी म्हणते, "अंकल, हेल्प करू का?" अंकल!

घरी आलो, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढलं, चेंबरमध्ये गोळी नाही हे दोनदा बघितलं आणि हॉलमध्ये पेपर पसरून बसलो. दार उघडं होतं, तीच चूक.

"काऊन रे, खोलली का? चिंधी कोणत्या मापाची घेतली?"

"जुनं बनियन आहे काका."

"बनियन!" काका खुर्ची ओढून बसले, म्हणजे आता जेवायच्या वेळेपर्यंत. "एनसीसीत आमाले माप होतं बावा. सफाईले चार बाय दोन, तेलाले चार बाय दीड. इंच."

"पण काका, हिची गोळी अडकून राहिली, त्याचा चिंधीशी काय संबंध?"

"चिंधी चुकली का सगळंच चुकलं."

आणि त्यांनी माझ्या बायकोकडून शिलाईचा टेप मागवला. मी, वय सत्तेचाळीस, टेप लावून बनियनचे बारा तुकडे कापले. एक पावणेदोन भरला तर काकांनी तो बाजूला काढला.

आता काकांची एनसीसीची रायफल बोल्ट ॲक्शन, प्रत्येक गोळीला बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, हातानं मागेपुढे करायचा. हिचं तसं नाही. टू टूच्या काडतुसात जीव एवढासा, त्याच धक्क्यावर बोल्टनं मागे जायचं, रिकामी पुंगळी फेकायची आणि येताना मॅगझिनमधली पुढची गोळी ढकलत आणायची. शिशाच्या गोळीवरचं मेण, दारूची काजळी आणि त्यात माझं तेल, याचं आत काळं श्रीखंड झालं होतं. बोल्ट पूर्ण मागे जातच नव्हता, तर गोळी उचलणार कुठून? म्हणजे दोष माझ्याच मायेचा होता. हे मी काकांना सांगितलं नाही.

ब्रश मारला, सगळं पुसून कोरडं केलं, तेलाचा एक थेंब ठेवला. झालं होतं हो काम! हात धुवायला आत गेलो, जास्तीत जास्त दोन मिनिटं. बाहेर येतो तर काकांच्या हातात मॅगझिन आणि माझी पक्कड. "याचे ओठ ढिले वाटले, जरासे दाबून देल्ले." गोळी धरून ठेवणारे ते पत्र्याचे दोन ओठ, केसभर इकडेतिकडे झाले की संपलं. आता तर पहिलीच गोळी निघेना.

सदरला काका स्वतःहूनच आले, "मीबी येतो, तुले समजणार नाही." तिथे जे झालं ते वर सांगितलंच. मेकॅनिकनं मॅगझिन उजेडात धरलं, बारीक अवजारानं दोनदा हलवलं, पाचशे घेतले आणि म्हणाला नवीन मिळणार नाही, हेच जपा. दुरुस्ती जाणणारी माणसं शहरात हाताच्या बोटांवर उरलीत आणि पक्कडवाले घरोघरी, त्याचं काय करायचं सांगा.

येताना काकांना तर्री पोहे खायचे होते. पैसे मीच दिले. तर्री दोनदा मागितली त्यांनी. आणि आज सकाळी खाली पार्किंगमध्ये त्यांचा आवाज ऐकला, "अरे, चिंधीचं माप चुकलं होतं याचं, मी सांगितलं तवा कुठं चालू झाली."